नोंदवहीतल्या सह्या

खासदारांना लिहिलेल्या त्या पत्रात सात परिच्छेद होते आणि मागणी एकच. माझ्या धाकट्या बहिणीच्या गावाजवळ सरकारी रुग्णालयात डायलिसिसची यंत्रे येऊन बसली होती, परंतु त्या खोलीला कुलूप होते. ते कोणाच्या आदेशाने, याचे उत्तर सभागृहात मिळावे, एवढेच मी मागितले होते. बहिणीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा ती एसटीने कोल्हापूरला येई, खासगी दवाखान्यात डायलिसिस करून घेई आणि मंगळवार पेठेत माझ्या घरी पडून राही.

खासदारांनी प्रश्न लावून धरला. त्या दिवशी आम्ही दोघे टीव्हीसमोर बसलो होतो. माझा चौथा परिच्छेद जवळजवळ शब्दशः ऐकू आला.

"दादा, तुझंच बोलत्यात की," बहीण म्हणाली.

मंत्री शांतपणे उठले. केंद्र सुरू आहे, नोंदवहीत रुग्णांच्या स्वाक्षऱ्या आहेत, सबब सन्माननीय सदस्यांची माहिती वस्तुस्थितीला धरून नाही, असे सांगून ते खाली बसले.

मी कागद ओढला. "खोट्या सह्या. हा फौजदारी गुन्हा आहे. एकेकाला कोर्टात खेचतो."

बहिणीने टीव्हीचा आवाज बंद केला. "त्या सह्या माझ्या हायत."

"तुझ्या? त्या कशा?"

"तूच सांगितलंतंस की. दर सोमवारी जा, कुलूप बघ, आणि येऊन गेल्याचा पुरावा म्हणून वहीत सही करून ये. केली."

"वर काय छापलं होतं?"

"मी कशाला वाचतीय? तिथली बाई चांगली हाय. खुर्ची दिली, म्हणाली, मावशी, हितं करा."

दुसऱ्या दिवशी मी रुग्णालय गाठले. रकान्यावर छापले होते: 'उपचार घेतलेल्या रुग्णाची स्वाक्षरी'. खाली तिची वळणदार अक्षरे, एकही सोमवार न चुकता. समोरच्या दाराला कुलूप तसेच. कारकुनाने मान वर केली नाही. "पावणं, वही एकच हाय. येईल त्याची सही हितंच."

पोच घेतल्याशिवाय मी आयुष्यात एक कागद कुठे दिला नाही. त्याच शिस्तीने मी माझ्या खासदाराला भर सभागृहात खोटे पाडले होते. परतीच्या एसटीत संताप कोणावर काढावा, हे प्रथमच ठरत नव्हते.

नव्या पत्राचा पहिला परिच्छेद माझ्या चुकीच्या कबुलीचा आहे. सोबत बहिणीचे प्रतिज्ञापत्र. ते पुढे ठेवले, तर तिने पेन उचलले नाही.

"आधी वाच. सगळं."

मी वाचले. 'माझ्या भावाच्या सांगण्यावरून' इथे तिने थांबवले.

"हे काढ. लोक हसतील तुला."

"खरं आहे ते. राहू दे."

तिने सही केली, पिशवी उचलली आणि चपला शोधू लागली. खासगी दवाखान्यातली तिची वेळ झाली होती.