तिसऱ्या विडीचं थोटूक

हाशमभाई रंगारी दिवसाला बावीस विड्या ओढायचा आणि त्यातली एकही फुकट ओढत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. प्रत्येकीला कारण असायचं. उठल्याची एक, चहाची एक, कुणी भेटला म्हणून एक आणि दिवसभरात कुणीच भेटलं नाही म्हणूनही एक. राग आला की एक आणि राग गेला की दुसरी. माणूस गरीब स्वभावाचा, त्यामुळे या शेवटच्या दोन लागोपाठच पेटायच्या.

अशा तेरा. उरलेल्या नऊ कामाच्या. सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली हातमाग चालत होते आणि सूत रंगवून देणारेही पुष्कळ होते. विलायती रंगाचे डबे सगळेजण एकाच दुकानातून आणायचे. तरी लाल म्हटला की विणकर हाशमभाईच्या दारात. त्याला गुपित विचारलं तर तो लपवायचा नाही. "पिवळ्याला एक विडी, हिरव्याला दोन, लालाला तीन." म्हणजे सुताच्या लडी उकळत्या रंगात सोडायच्या, दांडीवर फिरवत राहायचं आणि तीन विड्या ओढून झाल्या की बाहेर काढायच्या. पलीकडच्या गल्लीतल्या करीम रंगाऱ्यानं हे ऐकून इमानदारीत तीन विड्या ओढल्या. सूत विटकरी निघालं. "तुज्या विड्याच खोट्या," हाशमभाई म्हणाला. करीमनं विडीचा छाप बदलला, तर सूत काळपट निघालं. बिचारा खोकत खोकत पिवळ्याकडे वळला.

रमजानात दिवसा विडी चालत नाही, म्हणून हाशमभाईची भट्टी महिनाभर बंद असायची. लोकांना वाटायचं, रोज्यानं थकत असेल. थकतोय कसला! विडीशिवाय लाल येत नाही, याबद्दल त्याची खात्रीच होती.

एकोणीसशे सत्तावीसच्या उन्हाळ्यात गाडं अडलं. घरामागच्या विहिरीला बत्तीस पायऱ्या होत्या. दोन घागरी घेऊन तो निम्म्यावर आला आणि खोकल्यानं त्याला खाली बसवलं. वरून त्याच्या बायकोनं, कमरबीनं, हाक मारली, "अजी, आलात का?" उत्तर नाही. दुसरी हाक झाली, तिसरी झाली. हाशमभाईला सगळं ऐकू येत होतं, पण ओ द्यायला छातीत वाराच नव्हता. चौथ्या हाकेला ती अनवाणी खाली धावली, तो जिवंत आहे हे बघून पायरीवर बसली आणि रडली. रडून झाल्यावर भांडली. एरवी दोघं दखनी उर्दूत बोलायची, पण भांडायला आणि कामाचं बोलायला कमरबीला मराठीच लागायची.

"माजी हाक खाली पोचती अन् तुमची ओ वर येत न्हाय. असं परत झालं तर मी कुटं जाऊ?"

पोटी मूल नव्हतं, माहेरचं कुणी उरलं नव्हतं. तिला खरंच कुठं जायला जागा नव्हती, आणि हे हाशमभाईला तिच्याइतकंच ठाऊक होतं.

हकीमसाहेबांनी त्याची छाती कान लावून ऐकली. "एकदम सोडशील तर चार दिवसांनी दुप्पट ओढशील," ते म्हणाले. "आठवड्याला एक कमी कर." हा हिशेब हाशमभाईला पटला. पहिल्या आठवड्यात राग गेल्याची विडी गेली. त्यामुळे राग जरा जास्त वेळ टिकू लागला, पण तेवढं चालायचंच. मग कुणी न भेटल्याची गेली, मग चहाची. एकेक विडी गेली की शुक्रवारी नमाज सुटल्यावर दहा जणांना ती बातमी कळायची. लोक पाठ थोपटायचे. हाशमभाई छाती काढून घरी यायचा आणि कमरबी शिरा करायची.

तीन महिन्यांत बाविसाच्या नऊ झाल्या. त्या कामाच्या, आणि त्या काही हलेनात.

"ह्या मी वडत न्हाय, कमर. ह्या रंग वडतो."

"खोकला बी रंगालाच येतो का मग?" कमरबी विचारायची.

त्यानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. कुणीतरी सांगितलं, सिगारेट लावून समोर ठेव, ती आपोआप जळते. त्यानं लावली. पण जळती सिगारेट नुसती बघत बसायला हाशमभाई काही अवलिया नव्हता. दोन मिनिटांत तिची राख झाली, आणि तीही त्याच्याच तोंडातून. मग त्यानं ठरवलं, विडीच पेटवायची, कट्ट्यावर ठेवायची आणि आपण लांब उभं राहायचं.

नेमकं त्या दिवशी हंड्यात चनमल्लप्पा विणकराचं सूत होतं. चनमल्लप्पाच्या शरणम्माचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलेलं होतं. बाप स्वतः मागावर बसून पोरीचं लुगडं विणत होता. अंग विणून झालं होतं, पदर तेवढा राहिला होता, आणि पदराला हाशमभाईचाच लाल हवा होता. हाशमभाईनं विडी कट्ट्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, कारण विडीकडे बघितलं की हात वळवळायचे. तीस वर्षं विड्या ओढणारा माणूस, पण एवढं त्याच्या ध्यानात आलं नाही की विडीला झुरका मिळाला नाही तर ती विझते. बराच वेळ तो तिच्या संपण्याची वाट बघत राहिला. वळून पाहिलं तर विडी होती तेवढीच होती, आणि हंड्यातलं सूत कलेजीसारखं काळंलाल झालं होतं.

चनमल्लप्पा आला, लड हातात घेतली आणि उलटीपालटी करून परत हंड्याच्या काठावर ठेवली. यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. "निम्मं सूत घरी हाय," शेवटी तो म्हणाला. "पदर जरा आखूड विणतो. पण ह्ये गेलं तर दुसरं न्हाय, हाशमभाई. पोरगी रोज इचारती, लाल आला का म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते सूत घरात आलं. हाशमभाईनं भट्टी पेटवली आणि बायकोला हाक मारली.

"कमर, बंडल दे. एवडं लगीन लागू दे, मग सोडतो."

तो भांडणाच्या तयारीनंच उभा होता. पण कमरबी भांडली नाही. आतून तीन विड्या आणि काडेपेटी घेऊन आली, ते सगळं कट्ट्यावर मांडलं आणि हंड्यापाशी बसली.

"वडा," ती म्हणाली. "पर आदी एक सांगा. लालाची तिसरी विडी तुमी कदी पुरी वडलीय?"

"म्हंजे?"

"कदी निम्मी टाकता, कदी दोन झुरके मारून टाकता. उन्हाळ्यात लवकर टाकता, थंडीत उशिरा. जळण वलं असंल तर चौथी बी पेटवता अन् लोकास्नी सांगता तीन. तुमी विडीकडं बघतच न्हाय की. तुमची नजर सुतावर असती. सूत तयार झालं की हातातलं फेकून दांडी उचलता."

हाशमभाई वाद घालायला वळला. तोवर रंग उकळायला लागला होता. त्यानं लडी हंड्यात सोडल्या. हात सवयीनं कट्ट्याकडे गेला, कमरबीकडे बघून थांबला, आणि मग दोन्ही हातांनी त्यानं दांडी धरली. लडी वर यायच्या, खाली जायच्या. वाफ तोंडावर येत होती. किती वेळ गेला कोण जाणे, एकाएकी त्याच्या मनानं सांगितलं, बस्स. का, ते त्याला सांगता आलं नसतं. त्यानं लडी उचलून गार पाण्यात बुचकळल्या आणि उन्हात धरल्या.

लाल आला होता. तोच, हाशमभाईचा लाल.

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. धुरानं आलं म्हणावं, तर विडी पेटलेली नव्हती. तीस वर्षं हा माणूस स्वतःच्या डोळ्यांचं श्रेय विडीला देत आला होता. लडी वाळत घालून तो कमरबीजवळ टेकला.

"पर तुला कसं म्हाईत एवडं?"

"थोटकं कोण झाडतं?"

"झाडलीस तर टाकून दिलीस की. कुठलं थोटूक केवडं, ह्ये ध्यानात कशापायी ठेवतीस?"

कमरबीनं पदर तोंडाला लावला. बरंच खोदून विचारल्यावर निघालं ते असं. थोटकांतली तंबाखू काढून ती तव्यावर भाजायची आणि तिची मिश्री करून दातांना लावायची. तीही तीस वर्षं. तो नमाजाला गेला की. मिश्री लावणाऱ्या बायकांना हाशमभाई नावं ठेवायचा, म्हणून गपचूप. लालाच्या दिवशी थोटकं लांब मिळायची, त्या दिवशी तिची चैन असायची.

हाशमभाई हसता हसता बोटांवर मोजायला लागला. "बाविसाच्या नऊ झाल्या," तो म्हणाला. "मग तुजी मिश्री?"

"कमी झाली की. तुमी कराल तशी. मग सोडलीच."

"विकत आणायची हुतीस."

"अन् तुमास्नी कुठल्या तोंडानं सांगू सोडा म्हणून?"

ती उठली आणि आतून मिश्रीची डबी घेऊन आली. डबी घासूनपुसून लख्ख होती. आत सुया आणि दोऱ्याची रिळं होती. पहिले काही दिवस डोकं फार दुखलं, एवढंच ती बोलली. हाशमभाईला आठवलं, त्या दिवसांत ती कपाळाला फडकं बांधून शिरा करत होती. त्याची एक विडी गेली की सगळ्या मशिदीला कळत होतं. हिचं घरातल्या नवऱ्यालाही कळलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की त्यानं डबीचं झाकण नुसतं उघडलं आणि लावलं, उघडलं आणि लावलं.

संध्याकाळी चनमल्लप्पा आला. लाल बघून त्याचा चेहरा फुलला. कट्ट्यावर तीन विड्या तशाच पडलेल्या दिसल्या तेव्हा तर त्यानं हाशमभाईला मिठीच मारली. "सुटली म्हणायची विडी! शाबास रे गड्या!"

"शाबासकी आत दे," हाशमभाई दाराकडे बोट करत म्हणाला. "तिची माज्याआदी सुटलीय."

चनमल्लप्पाला काहीच उमगलं नाही. तो सूत छातीशी धरून पोरीला दाखवायला पळाला.

शरणम्माच्या लग्नाला दोघंही गेली. आखूड पदर कुणाच्या लक्षातही आला नाही. हाशमभाईचा खोकला पुरता गेला नाही, तीस वर्षांचा पाहुणा एका दिवसात कसा जाईल? पण थंडी सरता सरता एका सकाळी तो दोन घागरी घेऊन विहिरीत उतरला. भरून निम्म्या पायऱ्या चढला असेल, तेवढ्यात वरून हाक आली.

"अजी, आलात का?"

"आलो की!" हाशमभाई तिथूनच ओरडला, आणि वर कमरबी काठावर टेकून बसली.