खिळ्यावरची जळकी कॉइल

रहिमतपूरच्या रहिमानभाईंकडे मोटर वायंडिंगला नेली, की आधी गिऱ्हाइकाची उलटतपासणी होते. कवा जळली? किती वेळ चालू हुती? लाइट कशी हुती? उत्तरं मिळाल्याशिवाय ते मोटर उघडत नाहीत. जळकी कॉइल काढली, की गावाच्या नावाची चिठ्ठी लावून ती भिंतीवरच्या खिळ्याला टांगतात. त्यांची मुलगी मुबश्शिरा त्या कॉइली बघतच मोठी झाली. साताऱ्याच्या कॉलेजात ती माझी विद्यार्थिनी. जर्मनीतल्या पंपांच्या कारखान्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप तिला मीच मिळवून दिली.

तिथं काम काय, तर गिऱ्हाइकांकडून परत आलेल्या जळक्या पंपांना लेबलं चिकटवून ते भंगारात धाडायचे. ऐकून माझं डोकंच फिरलं. चार महिने असेच गेले. शेवटी तिथले साहेब शेरा तरी काय देणार, चिकटवते छान? इकडे दुकानात लोक विचारायचे, "पोरगी लेबलं चिकटवाय इमानानं गेली व्हय?" रहिमानभाई खाली मान घालून तार गुंडाळत बसायचे.

पाचव्या महिन्यात मुबश्शिरानं एक पंप उघडला. भंगाराला कसली परवानगी, असं तिला वाटलं, दुकानाची सवय. साहेब चांगलेच भडकले. तिनं माफी मागितली, पण कॉइल काही हातातून सोडली नाही. तारेतच खोट आहे, असं कारखाना वर्षभर धरून बसला होता. तिनं दाखवलं, दोन फेजची वेटोळी काळीठिक्कर, तिसऱ्याची कोरी. तार चांगली आहे, गिऱ्हाइकाच्या गावात विजेच्या तीनपैकी एक फेज गेला आणि पंप उरलेल्या दोनवरच चालत राहून जळला.

"हे कुठं शिकलीस?" साहेबांनी विचारलं.

"अब्बांच्या भिंतीवर."

त्यांनी आणखी दहा पंप उघडायला लावले. आठ तसेच निघाले. त्या दिवसापासून लेबलं बंद झाली आणि परत आलेला प्रत्येक पंप आधी तिच्या टेबलावर येऊ लागला. मला इतका अभिमान वाटला, की स्टाफरूममध्ये मी हे तीनदा सांगितलं.

तिनं फोटो पाठवला. कारखान्याच्या पांढऱ्या भिंतीवर खिळे, खिळ्यांना कॉइली, कॉइलींना गावांच्या चिठ्ठ्या. मी तो घेऊन दुकानात गेले. रहिमानभाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिला.

"खिळे लय खाली ठोकल्यात, मॅडम," ते म्हणाले. "चिठ्ठ्या मातर बराबर हायत."

आता कुणी जळकी मोटर घेऊन आलं, की ते आधी फोटो दाखवतात. उलटतपासणी मग.