बुडालेल्या देवळाची पत्रिका

देवावर माझा विश्वास आहे, पण त्याला सारखं कामाला लावू नये असं मला वाटायचं. आपले हात धड असताना त्याच्या दाराशी काय म्हणून जायचं? माझी मुलगी मुक्ता जमिनीवर उभी राहू शकत नाही. छातीएवढ्या कोमट पाण्यात मात्र राहते. विश्रांतवाडीजवळच्या तिच्या शाळेत अशा मुलांसाठी व्यायामाची टाकी बांधायची होती. देणग्यांसाठी मी पुण्याहून उजनी धरणाच्या भिंतीपर्यंत कयाकने, म्हणजे एका माणसापुरत्या चिंचोळ्या होडीने, नदीतून जायचं जाहीर केलं. "लोक पुलावरून जाताना नाक धरतात," आमचे हे म्हणाले, "तू त्यात बसून जाणार. देणगी मिळेल, दयेपोटी." असं म्हणून गाडी घेऊन काठाकाठाने माझ्याबरोबर निघालेही.

जलपर्णी, बंधारे, दुखरे खांदे, सगळं मी निभावलं. उजनीचं पाणी लागलं तेव्हा चांगलीच फुशारले होते. त्या दुपारी हे पुढच्या गावात, काठावरच्या देवळापाशी थांबणार होते. मध्येच वारा सुटला, लाटा होडीत यायला लागल्या, फोन भिजून बंद पडला. तेवढ्यात लांबवर देवळाचं शिखर दिसलं आणि मी जीव खाऊन तिकडे वल्हवलं. जवळ गेले तर देऊळ पाण्यातच उभं. धरणात बुडालेल्या जुन्या गावाचं ते देऊळ. गाव आणि देव दोघेही कधीच वर काठावर गेले होते. हात उचलेनात. आपलं काही झालं तर मुक्ताला पाण्यात कोण धरणार, या विचाराने मी घाबरले. आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "माझ्याने होत नाही. आता तू बघ." वल्हं मांडीवर ठेवलं. होडी भिंतीला घासत वळली आणि देवळाच्या आडोशाला गेली. तिथे पाणी शांत होतं.

थोड्या वेळाने इंजिनाची होडी आली. तीत एक मासेमार आणि त्याची म्हातारी आई. तिच्या हातात अक्षता आणि लग्नपत्रिका. नातीचं लग्न होतं, आणि पहिली पत्रिका या जुन्या देवळाला द्यायची त्यांच्या घरची रीत होती. "देव वर न्हेला, पर जागा हितंच हाय न्हवं," ती म्हणाली. एवढ्या वाऱ्यात कशाला आलात, असं मी विचारलं. "उद्या हळद हाय. आज न्हाई तर कवा?"

पत्रिका ठेवून झाल्यावर मुलाने माझ्या होडीला दोर बांधायला घेतला. मी नको म्हणाले. सगळं अंतर स्वतः वल्हवीन असा शब्द मी लोकांना दिला होता.

म्हातारी म्हणाली, "बाई, नवरीला बी मांडवात कुणीतरी हाताला धरूनच न्हेतं. म्हणून लगीन काय दुसरीचं हुतंय व्हय?"

मी दोर बांधू दिला. काठावर हे उभे होते. बुटांसकट पाण्यात उतरून त्यांनी माझी होडी धरली. पुढचं अंतर मी वल्हवत पूर्ण केलं आणि दोराची गोष्ट सगळ्यांना सांगितली. शनिवार पेठेतल्या एका काकांनी ओढत नेलेलं अंतर वजा करून देणगी पाठवली. बाकीच्यांनी पूर्ण दिली. टाकी झाली.

हा योगायोग होता असं कुणी म्हटलं तर मी वाद घालत नाही. त्या माउलीची मी जन्माची ऋणी आहे, आणि तिला ज्याने धाडलं त्याचीही. आता मुक्ता टाकीत उभी राहते आणि "आई, सोड," म्हणते. पूर्वी मी सोडत नव्हते. आता सोडते.