शजऱ्यातले शेवटचे नाव

राधाबाई देशमुख, म्हणजे आमच्या आक्कासाहेब, नसत्या तर मी आज मेंढरांमागे असतो. महिन्यापूर्वी त्या गेल्याचा निरोप पाथरीच्या शाळेत आला, तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. धडा पुरा केला... दुसरे काय करणार?

गंगाखेडला शिकताना त्यांनी मला आपल्या घरी ठेवून घेतले होते. त्यांचे चुलतदीर ओसरीवर बसून हसत, "वहिनी, धनगराच्या पोराला शिकवून मेंढरांला उर्दू वाचून दावायचीय व्हय?" आक्कासाहेब आतूनच म्हणत, "तुमचे कागद तरी वाचून दावंल, भावजी. तुमाला कुठं येतंय?"

मालक, म्हणजे आक्कासाहेबांचे यजमान, वारले तेव्हा मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. मुलगा नव्हता, एकच मुलगी, सरस्वतीताई. देशमुखी पुढे कुणाच्या नावे जायची याची चौकशी सुरू झाली आणि कचेरीने शजरा, म्हणजे घराण्याची वंशावळ, मागितली. आक्कासाहेब सांगत गेल्या, मी कचेरीच्या भाषेत, उर्दूत, लिहीत गेलो. सात पिढ्या. मालकांचे नाव त्या कधी उच्चारत नसत. खुंटीवरच्या पगडीकडे बोट केले, मी लिहिले. मग स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "त्याच्याखाली लिही, सरस्वती."

"आक्कासाहेब, शजऱ्यात लेकी लिहीत न्हाईत."

"लेक हाय म्हणून सांगायला कुणाची चोरी हाय? लिही."

मी लिहिले. आठ दिवसांनी कागद परत आला. त्या नावावर लाल रेघ होती, आणि नवी नक्कल हवी होती. आक्कासाहेबांनी दौत तेवढी माझ्यापुढे सरकवली... मी नाव गाळून नक्कल केली. देशमुखी चुलतदिरांकडे गेली. त्याच उन्हाळ्यात आक्कासाहेबांनी मला हैदराबादला कॉलेजात धाडले.

परवा ताईंना भेटून आलो. पगडी केव्हाच गेली, खुंटी रिकामी आहे. आक्कासाहेबांच्या पेटीत तो लाल रेघेचा कागद निघाला, आणि त्याच्या घडीत मी हैदराबादहून धाडलेले पत्र. "आईनं तीनदा वाचून घेतलं," ताई म्हणाल्या. "मग म्हणली, ते तिथलं झालं, बाई. आपण तर हितं."

पत्र असे:

"तीर्थस्वरूप आक्कासाहेबांस साष्टांग नमस्कार. येथे इतिहासाच्या पुस्तकात वाचले की स्कॉटलंड नावाच्या मुलखात उमरावाला मुलगा नसला तर काही घराण्यांची पदवी लेकीकडे जाते. बापाच्या नावाखाली तिचे नाव लिहितात, आणि ते कोणी खोडत नाही. म्हणजे आपला पहिला कागद चुकीचा नव्हता. दुसरा मी लिहिला. त्यातले अक्षर फार सुबक आले होते, याची मला लाज वाटते. आपला खंडू."