सख्ख्या भावांची दोन पोरं आणि दीड हात बांध

बाररूममध्ये चहा आला की कुणीतरी ज्युनिअर हमखास म्हणतो, "सर, तुमच्या कॉलेजातलं एखादं सांगा ना!" एखादं म्हणे! बिडकीनच्या रस्त्यावर मेंढरं आडवी येतात ना, तसं असतं हे. एक आलं की त्याच्या मागं अख्खा कळप. मग गाडी बंद करून मुकाट बसायचं.

तर बसा. मी दर वेळी थोडं पाणी घालतो, हे कबूल. पण दूध घरचं आहे.

तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. लॉ कॉलेज सकाळचं. अकराला सुटलं की दिवस आपला. त्यातले निम्मे दिवस आमच्या पिंपळे सरांनी खाल्ले. सरांच्या अंगात समाजसेवा होती, आणि ती आमच्या अंगातून बाहेर काढायची त्यांना भारी हौस. खेड्यात शिबिर, तुरुंगात व्याख्यान, बाजारात पथनाट्य. सरांच्या तावडीत कायम सापडलेले आम्ही चौघं: मी, खुलताबादची नसरीन, दिग्या आणि बाळ्या.

यातल्या दिग्या-बाळ्याचं आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

*

दोघं सख्खे चुलतभाऊ. गाव बिडकीनच्या अलीकडं. दिग्याचे वडील आण्णा, थोरले. बाळ्याचे वडील तात्या, धाकटे. दोघांच्या रानांमध्ये दीड हात रुंदीचा बांध, आणि त्या बांधावरून नऊ वर्षं चाललेला दावा. आण्णा वादी, तात्या प्रतिवादी. बोलणं बंद.

आण्णांनी विचार केला, बाहेरचा वकील कशाला, घरचाच तयार करू. दिग्याला लॉला घातलं. ही बातमी तात्यांच्या कानावर गेली. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी बाळ्याचा फॉर्म भरला. कॉलेज तेच, वर्ग तोच!

दोन्ही बापांचा निघतानाचा दमही एकच होता. "त्याच्या पोराशी एक शब्द बोललास, तर शिक्षण बंद. घरी यायचं आन नांगर धरायचा."

पोरं आज्ञाधारक. पहिले चार दिवस बोलली नाहीत. पाचव्या दिवशी दोघांनी मिळून खोली घेतली.

मग काय! आण्णा खोलीवर आले की बाळ्या मागच्या खिडकीतून उडी मारायचा. तात्या आले की दिग्या. एकदा आण्णा अवचित आले. बाळ्या खिडकीपर्यंत पोचलाच नाही, खाटेखाली शिरला. आण्णा नेमके खाटेवर बसले आणि तासभर तात्यांना शिव्या देत राहिले. गेल्यावर बाळ्या अंग झटकत बाहेर आला. दिग्यानं ओशाळून विचारलं, "लई बोलले का रे?"

बाळ्या म्हणाला, "नाय रे. आमचे तात्या तुमच्या आण्णाला याच्यापेक्षा बऱ्या देतात. तू कधी खाटेखाली ये."

*

सरांनी पहिल्यांदा आम्हाला हर्सूलच्या तुरुंगात नेलं. बंद्यांना जामिनाचा कायदा समजावून सांगायचा होता. माझी तयारी जय्यत. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. समोर शंभरेक माणसं मांडी घालून बसलेली, अगदी शांत. असा वर्ग जन्मात पाहिला नव्हता. कुणी उठून जात नाही, कुणी जांभई देत नाही. (उठून जाणार तरी कुठं, हे मला मागाहून सुचलं.)

मी जोशात एक कलम सांगितलं. दुसऱ्या रांगेतल्या पांढऱ्या मिशीवाल्या बाबानं हात वर केला.

"वकीलसाहेब, चुकलं. तुम्ही म्हणता ते कलम पोलिसांच्या जामिनाचं. सेशनचं पुढचं."

मी म्हटलं, "असं? आणि हायकोर्टाचं?"

मागच्या चार रांगांनी एका सुरात उत्तर दिलं! वर एकानं पोटकलम जोडलं. पुढचा अर्धा तास ते सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. दोन पेनं त्या दिवशी कामाला आली.

बाहेर पडल्यावर मी कुरकुरलो, "सर, यांना आपल्यापेक्षा जास्त येतं. आपण कशाला जायचं?"

सर म्हणाले, "त्यांची हजेरी शंभर टक्के आहे. तुझी?"

*

कॉलेजात मूट कोर्ट, म्हणजे लुटुपुटूचा खटला. काळा कोट सक्तीचा. आमच्या गटात मिळून कोट एकच. तो शिवला होता बाळ्याच्या मापानं, म्हणजे बांबूला घालावा तसा. दिग्या आडव्या अंगाचा. घातला की त्याला श्वास अर्धाच घेता यायचा, त्यामुळं त्याचे युक्तिवाद थोडक्यात असत. परीक्षकांना ते फार आवडे.

सरांनी नेमका प्रश्न काढला शेताच्या बांधाचा! आणि चिठ्ठ्या टाकल्या तर दिग्या निघाला थोरल्या भावाचा वकील, बाळ्या धाकट्याचा. दोघांनी घरचे कागदच अभ्यासाला घेतले. आठ दिवस एकमेकांचे दावे-जबाब पाठ केले. दोन्ही बापांची बाजू दोघांना तोंडपाठ.

खटला उभा राहिला. दिग्यानं बोलायचं, बसायचं, कोट काढायचा. बाळ्यानं तो घालायचा, उठायचं, बोलायचं. चार वेळा अदलाबदल झाल्यावर न्यायाधीशाच्या खुर्चीतले निवृत्त जज्जसाहेब थांबले.

"दोन्ही पक्षांच्या वकिलांचा कोट एकच दिसतो. हा काय प्रकार?"

बाळ्या गडबडला. दिग्या बाकावरूनच उठला, शर्टाच्या बाह्या खाली करत म्हणाला, "महाराज, एकत्र कुटुंबाची मिळकत आहे. वाटणी व्हायची आहे."

पहिलं बक्षीस दोघांत विभागून. तीच पहिली वाटणी.

*

मग पथनाट्य. हुंड्याविरुद्ध. जागा बिडकीनचा आठवडी बाजार. म्हणजे दिग्या-बाळ्याच्या घरचाच बाजार! दोघांना एकत्र उभं राहणं शक्य नव्हतं. दोघांच्याही पोटात एकाच सकाळी दुखायला लागलं. त्यामुळं खाष्ट सासऱ्याचं काम माझ्याकडं आलं. सून नसरीन.

मी त्या दिवशी जीव ओतला. नसरीनच्या अंगावर असा काही ओरडलो की कांद्यावाले तराजू धरून थांबले. "माहेराहून स्कूटर आण, नाहीतर घरातून चालती हो!" नसरीन पण अशी रडली की बायांनी पदर डोळ्याला लावले.

आणि माझ्या पाठीत काठी बसली.

वळून पाहतो, तर मेंढक्याची बायको. मेंढ्या विकायला आलेली. कपाळाला मळवट, हातात ती काठी, डोळ्यांत आग.

"लेकराला छळतो व्हय रं, मुडद्या?"

मी ओरडलो, "मावशी, नाटक आहे हो! नाटक!"

"मंग मी बी नाटकातच मारायले!" म्हणाली आणि दुसरी घातली.

सर सोडवायला धावले तर तिनं त्यांनाच विचारलं, "तू कोण? नवरा व्हय हिचा?" सर तिथंच थबकले. मला सोडवायला पुन्हा पुढं आले नाहीत.

शेवटी नसरीननंच तिला मिठी मारली. जाताना बाई तिला म्हणाली, "पोरी, ह्यानं पुन्हा हात उचलला तर निरोप धाड. आमचा तळ आठ दिस इथंच हाय."

पुढचे आठ दिवस मी नसरीनशी फार अदबीनं वागलो.

*

खुलताबादच्या बाजूला एका वाडीत शिबिर होतं. तिकडं जुने कागद उर्दूत, निजामाच्या काळातले. गावात वाचणारं कुणी उरलं नव्हतं. नसरीनच्या पुढं ही रांग!

एक आबा लाल फडक्यात गुंडाळलेला कागद घेऊन आले. म्हणाले, "मपल्या आज्याला सरकारनं दिल्याली सनद हाय. दर दसऱ्याला पुजतो." कागदावर हळदीकुंकवाचा थर बसलेला. मागं मुलगे, सुना, नातवंडं, अर्धी वाडी.

नसरीननं फुंकर मारली, वाचलं. पुन्हा वाचलं. ओठ घट्ट दाबले. मग ओढणी डोक्यावर सारखी करून म्हणाली, "आबा, तुमच्या आजोबांना खुद्द सरकारनं नावानिशी याद केलंय. जपून ठेवा. असा कागद सगळ्यांच्या घरी नसतो."

आबांची छाती फुगली. आम्हाला प्रत्येकी दोन पेरू मिळाले.

जीपमध्ये बसल्यावर तिला हसू आवरेना. कागदात लिहिलं होतं, की तुमची म्हैस पुन्हा कचेरीच्या आवारात शिरून दप्तर खाईल, तर म्हशीबरोबर तुम्हालाही कोंडवाड्यात ठेवण्यात येईल!

सर गंभीर झाले. "नसरीन, पक्षकाराशी खोटं बोलायचं नसतं."

"मैं झूट कां बोली सर?" ती म्हणाली. "जमीन तो उनकेच नाम पे है, सातबारा देखी मैं. और याद तो किए थे ना सरकार!"

सरांनी पेरू खाल्ला.

*

आणि मग ते झालं, ज्याची दोघांना तीन वर्षं धास्ती होती. शेवटच्या वर्षाचं शिबिर सरांनी दिग्या-बाळ्याच्या गावातच ठरवलं. या वेळी पोट दुखून चालणार नव्हतं. गैरहजर राहील त्याला परीक्षेला बसू देणार नाही, असं सरांनी फळ्यावर लिहिलं होतं.

शाळेच्या पटांगणात तीन टेबलं मांडली. या टोकाला दिग्या, त्या टोकाला बाळ्या, एकमेकांकडं पाठ करून. मध्ये मी आणि नसरीन. दिग्या-बाळ्याचे चेहरे भुईमुगाच्या टरफलासारखे कोरडे.

आण्णा आले. थेट लेकाच्या टेबलाकडं. सर आडवे आले. "घरच्या माणसाला घरचा सल्ला द्यायचा नाही, असा आपला नियम आहे. दुसऱ्या टेबलावर जा."

मी हात हलवला, "इकडं या ना, आण्णा."

आण्णांनी मला न्याहाळलं. "बाजारात बाईनं बडवलं, तो तूच ना? नगं बाबा." आणि ते तिसऱ्या टेबलासमोर, बाळ्याच्या पुढ्यात बसले. पुतण्याकडं न बघता कागद सरकवले. "वकीलसाहेब, बघा."

थोड्या वेळानं तात्या आले. त्यांचंही तेच झालं. ते दिग्याच्या पुढ्यात.

बाळ्यानं कागद उलटे-सुलटे केले. त्याला ते पाठच होते. घाम पुसून म्हणाला, "मोजणीच्या नकाशावर बांध तुमच्या गटात येतोय. तुमचं म्हणणं खरं हाय."

त्या टोकाला दिग्या मान खाली घालून बोलत होता, "वहिवाट बारा वर्षांच्या वरची हाय तुमची. दावा टिकणं अवघड. तुमचं म्हणणं खरं हाय."

दोन्ही म्हातारे एकदमच उठले. पटांगणाच्या मधोमध गाठ पडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आण्णा भावाशी बोलले. तेही ओरडून!

"तुपलं पोरगं सांगायलं, मपलं खरं हाय!"

"आन तुपलं सांगायलंय, मपलं!"

गाव गोळा झालं. आण्णा तरातरा बाळ्यापाशी गेले. "खरं सांग. मपल्या दिग्याशी बोलतोस का?"

बाळ्यानं दिग्याकडं पाहिलं. दिग्यानं मान डोलावली. संपलं म्हणायचं सगळं.

"एकाच खोलीत ऱ्हातो, आण्णा. तीन वर्सं झाली."

आता ही दोन पोरं उद्या परीक्षेऐवजी रानात दिसणार, हे सगळ्यांना कळून चुकलं.

आण्णांनी टेबलावरचे कागद गोळा केले. मग विचारलं, "सैपाक कोण करतं?"

"आळीपाळीनं."

तात्या मागून म्हणाले, "भाकरी जमती का?"

"दिग्याची जमती. मपली चिरती."

"तुपल्या बापाची बी चिरायची," आण्णा म्हणाले, आणि टोपी डोक्यावर दाबून निघून गेले. तात्या दुसऱ्या वाटेनं गेले. पोरं महिनाभर घरच्या निरोपाची वाट बघत राहिली, बॅगा भरून. निरोप आला नाही. परीक्षा झाली. दोघं पास झाले.

*

आता शेवटचा किस्सा. याच्यात पाण्याचा थेंब नाही. मी कोर्टात हजर होतो.

दोघांना वकिलीची सनद मिळाली. पुढच्याच तारखेला आण्णा आणि तात्या, दोघांनीही आपापले जुने वकील बदलले. पुकारा झाला. दिग्या-बाळ्या उभे राहिले, नवे कोरे कोट, अंगाला बसणारे. न्यायाधीश महाराजांनी दोन्ही वकीलपत्रं वाचली. पुन्हा वाचली.

"वादीचे वकील... हे प्रतिवादीचे चिरंजीव?"

"होय, महाराज," बाळ्या म्हणाला.

"आणि प्रतिवादीचे वकील, वादीचे?"

"होय, महाराज," दिग्या म्हणाला.

कोर्टात खसखस पिकली. महाराजांनी दोन्ही म्हाताऱ्यांना पुढं बोलावलं. "अहो, एकमेकांच्या पोरांवर तुमचा इतका भरवसा आहे, मग हा दावा आजच्या आज मिटवून का टाकत नाही?"

दोघं भाऊ एकमेकांकडं बघायला लागले. आण्णांनी टोपी काढली, कठड्यावर वाकले, आणि घरातली गोष्ट सांगावी तसं हळूच म्हणाले,

"कवाच मिटवला असता, साहेब. पण पोरं आत्ताच लागलीत. दोघांची बी पहिलीच केस हाय. एवढी चालू द्या की!"

तात्या म्हणाले, "व्हय साहेब."

महाराजांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आणि पुढची तारीख दिली.