हिंगणीच्या वरातीत नायजेरिया

हिंगणीला मावसभावाच्या वरातीत डीजेवाल्यानं मध्येच नायजेरियाचं गाणं लावलं आणि त्याच्याखाली आपल्याकडच्या संदलच्या मिरवणुकीत वाजतो तो ठेका जोडला. असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं, पण पाय आधीच नाचायला लागले होते. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून, डोळे मिटून, तो माणूस करंगळीनं बटण फिरवत होता. तेवढ्यात नवरदेवाचे थोरले काका, म्हणजे आमचे मोठेबाबा, जनरेटर बंद करायला धावले.

“काऊन बे, हे कोन्त्या भाषेत हाय? एक शब्द समजून नाई राह्यला!”

डोळे न उघडताच तो म्हणाला, “मोठेबाबा, लग्नातले मंत्र तरी समजते काय तुमाले?”

सगळी वरात खिदळली. मोठेबाबांनी मोठ्या आशेनं मांडवाच्या दारातल्या भटजींकडं पाहिलं.

भटजी कंबर हलवत होते.