अर्ध्या स्पीडची स्पॅनिश

लेकीचं लग्न मेक्सिकन मुलाशी ठरलं, तेव्हा बायको देवापुढे साखर ठेवायला गेली आणि मी मोबाइलवर स्पॅनिश शिकायचे व्हिडिओ शोधायला बसलो. कारण मुलाची आई. वडील नाहीत, आईनेच वाढवलेला. बाईला इथे टेक्सासात, शुगर लँडला येऊन जमाना झाला, पण तिचं इंग्रजी अजून माझ्याएवढंच. म्हणजे यस, नो आणि मान हलवून हसणं.

आता माझं शिक्षण. आठवीत मी शाळा सोडली, तेव्हा मास्तरांनी पेढा खाल्ला असणार. पुढे भावाने इकडे बोलावलं, तेव्हापासून एका देशी दुकानाच्या किचनमध्ये वडे तळतो. इथल्या मराठी पार्ट्यांना सगळे डॉक्टर नाहीतर तेल कंपनीतले इंजिनियर. ते बोलतात, मी समोशांकडे बघत बसतो. त्याचं काही नाही, समोसे पण माझ्याशी बोलत नाहीत. पण साखरपुड्याआधी विहीणबाईंनी जेवायला बोलावलं, तेव्हा ठरवलं, तिथे मुकं बसायचं नाही. एक वाक्य तरी आपल्या तोंडाने बोलायचं: आमची एकुलती एक आहे, आता तुमची समजा. लेकीकडून भाषांतर करून घ्यायचं नाही. ती तर ऐकूनच म्हणाली असती, "बाबा, सो फिल्मी!"

व्हिडिओतल्या बाई गोड होत्या, पण बोलायच्या अशा की मागे कुत्रं लागलंय. मग मला स्पीड अर्धा करायचं बटण सापडलं. बाई एकदम शहाण्या झाल्या. व्याकरणाच्या व्हिडिओत कळलं की त्यांच्यात टेबल ही बाई आहे. म्हटलं, बरं झालं, आपल्या खुर्चीला मैत्रीण मिळाली. घरातल्या रोजच्या बोलण्याचा व्हिडिओ झाला, रीतिरिवाजाचा झाला. त्यात बाईंनी बजावलं, कुणाच्या घरी वाढलेलं नको म्हणू नका, घरच्या बाईच्या मनाला लागतं. हे मी पाठ केलं. वडे तळताना सगळं मोठ्याने म्हणायचो.

एकदा लेकीने ऐकलं.

"बाबा, व्हाय डू यू साउंड ड्रंक?"

"शिकतोय गं."

"पण असं कोणी बोलत नाही. यू आर सो स्लो!"

तेव्हा उजेड पडला. मी स्पॅनिशच अर्ध्या स्पीडची शिकलो होतो. पण जेवण रविवारी, आणि आता पाठांतराला चावी कुठून द्यायची?

रविवारी गेलो. विहीणबाईंनी मक्याच्या सालीत गुंडाळून उकडलेले तमाले केले होते, आपल्या पातोळ्यांचे तिखट भाऊच. सोबत चिकनचा काळपट रस्सा. पहिला तमाले वाढला, खाल्ला. दुसरा वाढला. एरवी मी पाहुणा म्हणून तीनदा नको म्हणणारा माणूस, पण व्हिडिओतल्या बाई डोळ्यांसमोर. खाल्ला. त्या परत वाढतात. मी परत खातो. त्या माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे बघतोय, दोघंही घामाघूम.

बायको कानाशी आली. "अहो, पोट आहे का पिंप?"

"नको म्हटलं तर त्यांना वाईट वाटेल."

"आणि इथेच आडवे झालात तर बरं वाटेल?"

शेवटी राहवेना. दोन्ही हात ताटावर आडवे घातले, गावच्या पंगतीत घालतो तसे. विहीणबाई टाळी वाजवून ओरडल्या आणि माझ्या बोटांच्या फटीतून अजून एक तमाले सोडला. वर म्हणाल्या, "थोदंसं घ्या!"

होणारा जावई हसून लोळायचा बाकी. त्याने लेकीला सांगितलं, लेकीने आम्हाला. त्याच्या आईनेही व्हिडिओ बघितले होते, मराठी पाहुणचाराचे. त्यात म्हणे सांगितलं होतं, हे लोक लाजतात, हात आडवे करेपर्यंत वाढत राहा आणि त्यावर एक वाढाच. बाई बिचारी केव्हाची माझ्या हातांची वाट बघत होती.

सगळे हसत होते. म्हटलं, हीच वेळ. उभा राहिलो.

"एऽऽस... नुएऽऽस्त्रा... ऊऽऽनिका... ईऽऽखा..."

हसणं थांबलं. विहीणबाईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, तमाले डोक्यात चढला. धावत जाऊन सोडा आणला, मला खुर्चीवर दाबून बसवलं. मी ग्लास हातात धरून, ढेकर गिळून, वाक्य पूर्ण केलं. आता तुमची समजा.

त्यांनी खुर्ची ओढली. मग माझ्यासमोर बसल्या आणि माझ्यासारख्याच, एकेक शब्द ओढत बोलल्या. त्यांना वाटलं असणार, या माणसाशी असंच बोलायचं असतं. आणि मला अक्षर न् अक्षर कळलं. "ती... आधीच... माझी... आहे. तुम्ही... सोडा... प्या."

मी प्यायलो. डोळ्यांत पाणी आलं ते सोड्याच्या बुडबुड्यांनी, असं बायकोला सांगितलं.

साखरपुडा झाला. विहीणबाई अजून माझ्याशी तशाच बोलतात, मीही स्पीड वाढवलेला नाही. सोफ्यावर आमच्या दोघांच्या लांबलचक गप्पा चालतात, विषय बहुतेक मिरच्यांचा. परवा त्यांच्या बहिणीने लेकीला बाजूला घेऊन विचारलं म्हणे, वडिलांचं काही ऑपरेशन झालंय का?

लेक म्हणाली, "नो, ही जस्ट वॉचेस व्हिडिओज."